वाचणार कोण, ते आधी ठरवा

पुस्तकांच्या दुकानात मुलांच्या कप्प्यापाशी ठरलेला प्रश्न ऐकू येतो: ‘चार वर्षांच्या मुलीसाठी काही आहे का?’ दुकानदार वय ऐकतो आणि दोन-तीन पुस्तकं समोर टाकतो. पण ते पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवायचंय की मुलीनं स्वतः वाचायचंय, हे कुणी विचारत नाही. या दोन कामांची पुस्तकं वेगळी असतात, आणि ती अदलाबदल झाली की मूल कंटाळतं.

तान्ह्या बाळाचं त्यातल्या त्यात सोपं. त्याला सुरुवातीला २०-३० सेंटिमीटरपर्यंतचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याइतकं लांब. फिके रंग कळत नाहीत, काळं-पांढरं कळतं. टाना होबनच्या ‘ब्लॅक ऑन व्हाइट’मध्ये (१९९३) म्हणूनच पांढऱ्या पानांवर नुसत्या काळ्या आकृत्या आहेत, शब्द एकही नाही. असलं पुस्तक पुठ्ठा आणि काळा कागद घेऊन घरीही होतं. पुढे पुस्तक तोंडात जायला लागलं की जाड पानं आणि गोल कोपरे हवेत. एरिक कार्लच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’मध्ये (१९६९) अळीनं खाल्लेल्या फळांना खरीखुरी भोकं आहेत, आणि बाळाचं बोट बरोबर त्यात शिरतं. ही भोकं पाडणं अमेरिकेत परवडेना, म्हणून पहिली छपाई जपानमध्ये करून घ्यावी लागली. पुस्तक इंग्रजी असलं तरी चित्रांवर बोट ठेवून मराठीत सांगायला कुणाची हरकत आहे?

तीन ते सहा वर्षं हा ऐकण्याचा काळ. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिका इथे पहिल्या आठवतात. घरातली माणसं, आलेली पाहुणी, मोडलेला हात, एवढाच ऐवज. पण बोलणं घरातल्यासारखं आणि चित्रंही त्यांचीच. शेवटी तात्पर्य छापलेल्या चकचकीत जाडजूड पुस्तकांपेक्षा ही पातळ पुस्तकं मी केव्हाही आधी घेईन. तात्पर्याच्या आधीच मुलं पान उलटतात, ते उगाच नाही.

खरी कसोटी लागते ती मूल अक्षरं जुळवायला लागल्यावर. इंग्रजीत डॉ. स्यूस यांनी ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत बसवलं. मराठीत शब्द मोजून भागत नाही. काना, वेलांटी, मात्रा, जोडाक्षर अशी चढण असते. म्हणून काही पुस्तकं काना-मात्रा नसलेल्या शब्दांचीच वाक्यं जुळवतात, आणि घरात कुणीही बोलणार नाही अशी वाक्यं तयार होतात. माझं मत उलट आहे. ‘रिक्षा’, ‘आज्जी’, ‘बिस्कीट’ यांत जोडाक्षरं असली तरी मूल हे शब्द रोज ऐकतं. शेजारी चित्र असेल तर अडखळत का होईना, पार करतं. अनोळखी ‘शर’ किंवा ‘नभ’ सोपे दिसतात, पण वाचून हाती काही लागत नाही.

घेण्याआधी मधलं एखादं पान उघडून बघावं. अक्षर ठसठशीत आहे का? ओळ अर्थ तुटेल अशा जागी मोडलीय का? ‘ल’ आणि ‘श’ कसे छापलेत? राज्य शासनानं २००९ मध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला; पण बऱ्याच पुस्तकांत हिंदी वळणाची अक्षरं येतात. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, पहिलीतलं मूल मात्र तिथेच थबकतं.

प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या पुस्तकांवर चारपैकी कुठली वाचनपातळी ते मलपृष्ठावर दिलेलं असतं. त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५पासून मराठी गोष्टीही फुकट मिळतात. पातळी निवडताना इयत्तेकडे बघू नये. तिसरीतलं मूल पहिल्या पातळीत रमलं तर रमू द्यावं.

आणि मूल वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं थांबवू नये. दुसरीतल्या मुलाला ‘तोत्तोचान’सारखं मोठं पुस्तक स्वतः वाचायला जड जाईल. पण कानांनी ते केव्हाच तिथवर पोचलेलं असतं, तेव्हा त्याच्यासाठी रात्री एक-दोन प्रकरणं आपणच वाचावीत.