गाडी तीच, वागणं नवं

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की मुर्धा, राई, मोर्वा ओलांडत रस्ता डोंगरीत येतो आणि पुढे उत्तनच्या समुद्राकडे जातो. घरांच्या ओट्यांना घासून जाणारी वळणं, मासळीचे टेम्पो, धावगीच्या डोंगरावर कचरा नेणाऱ्या पालिकेच्या गाड्या आणि रविवारी वेलंकनी मातेच्या दर्शनाला निघालेली कुटुंबं, सगळं याच अरुंद पट्ट्यात. इलेक्ट्रिक गाडीतल्या ‘अ‍ॅडास’ची, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेची, खरी ताकद आणि मर्यादा समजून घ्यायची तर असा रस्ता डोळ्यांसमोर ठेवावा. तिच्याबद्दलचे बरेच गैरसमज एक्स्प्रेस-वेवर चित्रित केलेल्या रील्समधून आले आहेत.

सगळ्यात पसरलेला समज असा: सॉफ्टवेअरचे अपडेट येत राहतील आणि एके दिवशी गाडी आपली आपण चालू लागेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये किंवा टाटाच्या हॅरियर ईव्हीमध्ये जी यंत्रणा मिळते ती ‘लेव्हल 2’ची. गाडी वेग सांभाळते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते, लेनमध्ये राहायला मदत करते. पण नजर रस्त्यावर आणि जबाबदारी चालकावरच. टेस्लाने 15 जुलै 2025 रोजी मुंबईत बीकेसीत पहिलं शोरूम उघडलं, तेव्हा ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’साठी वेगळे 6 लाख रुपये किंमतपत्रकात होते. या नावापुढे 2024 पासून खुद्द कंपनीच ‘सुपरवाइज्ड’ असा शब्द लावते. देखरेख माणसाचीच, हा त्याचा अर्थ.

शिवाय सॉफ्टवेअरमुळे गाडीला नवे डोळे येत नाहीत. 2020 साली घेतलेल्या नेक्सॉन ईव्हीत अ‍ॅडासचा रडारच नाही. कितीही अपडेट आले तरी ती पुढच्या गाडीचं अंतर मोजणार नाही. संगणकाच्या क्षमतेचंही तसंच. टेस्लाच्या जुन्या ‘हार्डवेअर 3’ गाड्यांना देखरेखीविना चालण्यासाठी नवा संगणक बसवावा लागेल, हे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जानेवारी 2025 मध्ये मान्य केलं. त्या गाड्या घेताना लोकांना सांगितलं गेलं होतं, की लागेल ते सगळं गाडीत आधीच आहे.

मग अपडेट म्हणजे नुसता नकाशा आणि स्क्रीनचे रंग? हाही गैरसमजच, आणि जास्त धोक्याचा. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्ला मॉडेल 3 ची चाचणी घेतली. ताशी 60 मैलांच्या वेगावरून थांबायला गाडीला 152 फूट लागले. कंपनीने ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून तो इंटरनेटवरून पाठवला आणि तीच गाडी 133 फुटांत थांबली. एकही नट न फिरवता 19 फूट वाचले! गाडी किती आधी इशारा देईल, आपोआप ब्रेक कधी लावेल, स्टीअरिंगवर हात नसेल तर किती वेळ गप्प बसेल, हे सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणूनच रात्री अपडेट झालेली गाडी सकाळी निराळी वागू शकते.

ती चांगलीच वागेल असंही नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये टेस्लाने ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ची चाचणी-आवृत्ती 10.3 पाठवली आणि काही गाड्या समोर काहीच नसताना टक्कर होणार म्हणून इशारे देऊ लागल्या, अचानक ब्रेकही लावू लागल्या. आवृत्ती तातडीने मागे घ्यावी लागली. 11,704 गाड्यांचा अधिकृत रिकॉल नोंदवला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या नव्या मॉडेल 3 आणि मॉडेल वाय मधून रडार काढून फक्त कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. तेव्हा ऑटोस्टीअरची, म्हणजे लेनमध्ये स्टीअरिंग सांभाळणाऱ्या सुविधेची, वेगमर्यादा काही काळ ताशी 75 मैलांवर आणावी लागली होती. सुविधा वाढतात तशा कमीही होतात, हे ग्राहकाला कुणी आवर्जून सांगत नाही.

‘रिकॉल’ म्हटलं की गाडी वर्कशॉपला न्यायची, हा समजही आता जुना झाला. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या 20 लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल झाला, कारण ‘ऑटोपायलट’ ही चालकाला मदत करणारी यंत्रणा वापरताना चालकाचं लक्ष रस्त्यावर राहील याची पुरेशी तजवीज नव्हती. उपाय इंटरनेटवरूनच गेला. पण अपडेटनंतरही अपघात झाले, म्हणून तो उपाय पुरेसा होता का याची चौकशी तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने एप्रिल 2024 मध्ये सुरू केली.

गाडी चालू असताना अपडेट बसलं तर काय, ही भीती मात्र बाळगू नये. डाउनलोड मागे चालू राहतं. गाडीचं मुख्य सॉफ्टवेअर बदलताना ती उभी लागते आणि बॅटरीत पुरेसा चार्जही. हॅकिंगची भीती पूर्ण निराधार नाही. 2015 मध्ये दोन संशोधकांनी दुरून एका जीपचा ताबा घेऊन दाखवला आणि 14 लाख गाड्यांचा रिकॉल झाला. त्यानंतर नियम घडत गेले: संयुक्त राष्ट्रांच्या आर-155 आणि आर-156 या नियमांच्या धर्तीवर भारतात एआयएस-189 सायबर सुरक्षेसाठी आणि एआयएस-190 सॉफ्टवेअर अपडेटसाठी. ही मानकं ज्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेमार्फत येतात ती पुण्याचीच.

आता पुन्हा डोंगरीचा रस्ता. लेन सांभाळणारा कॅमेरा पांढरे पट्टे शोधतो. ते पुसले गेले किंवा मुळातच नसले की ती मदत बंद पडते, कधी अर्ध्या वळणात. जुलैच्या सरींत कॅमेऱ्यापुढची काच धूसर होते. ओट्यावरून अचानक उतरणारं मूल आणि कडेला उभी हातगाडी यांतला फरक यंत्राला दरवेळी वेळेत कळेलच असं नाही. काच बदलली तर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. त्या कामाला अपडेट हा पर्याय नाही, पण काच बदलणाऱ्या साध्या गॅरेजात हे सहसा कुणी सांगत नाही.

त्यामुळे अपडेट आलं की ‘ओके’ दाबण्याआधी त्यात काय बदललं ते वाचावं. अ‍ॅडासच्या सेटिंग्ज पुन्हा तपासाव्यात आणि नवी आवृत्ती पहिल्यांदा मोकळ्या, ओळखीच्या रस्त्यावर, दिवसा अनुभवावी. घरात गाडी चालवणारे जितके जण आहेत तितक्यांना बदल सांगावा. कंपन्यांनीही बदलांची यादी साध्या मराठीत द्यावी. चाकण आणि रांजणगावला गाड्या बनवणाऱ्यांकडून महाराष्ट्रातल्या ग्राहकांनी एवढी मागणी हक्काने करावी.