सोय एकाची, चैन सगळ्यांची!

फोनच्या ज्या करामतींवर आपण खूश असतो, त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी अडचणीतून निघाल्या आहेत. ही घ्या यादी!

पत्र माझं, मीच लिहिणार: इटलीच्या पेल्लेग्रिनो तुरीनं दृष्टी गमावलेल्या काउंटेस कॅरोलिना फँटोनीसाठी टंकयंत्र बनवलं. मजकूर दुसऱ्याला सांगायची गरजच संपली! यंत्र हरवलं, तिची १८०८ सालची पत्रं मात्र टिकली.

बोलकी पुस्तकं: फोनोग्राफ कशाकशाला वापरता येईल, याची यादी एडिसननं १८७८मध्ये छापली. दुसऱ्याच क्रमांकावर होती अंधांना ऐकता येतील अशी पुस्तकं. खुद्द एडिसनला कमी ऐकू येई. आज आपण गाडी चालवता चालवता कादंबऱ्या ऐकतो.

छापील ते बोलकं: रे कुर्झवाइलनं १९७६मध्ये अंधांसाठी पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र आणलं. गायक स्टीवी वंडर त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. फोटोतला मजकूर आपण फोनवर कॉपी करतो, ती याच घराण्यातली विद्या.

दुखऱ्या बोटांची देणगी: टायपिंगनं वेन वेस्टरमनचे हात दुखू लागले, म्हणून त्यानं हलक्या स्पर्शावर चालणारे कीबोर्ड बनवले. २००५मध्ये अ‍ॅपलनं त्याची कंपनी घेतली. दोन वर्षांत आयफोन आला आणि जग चिमटीनं फोटो मोठे करू लागलं.

फेसबुक निळंच का? मार्क झुकरबर्गला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. निळा मात्र झकास दिसतो!

आजोबांच्या नजरेचं गणित: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ : १ हवं, असा वेबचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. हा आकडा ठरवताना साधारण ऐंशीच्या घरातली नजर हिशेबात धरली होती. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १. पांढऱ्यावर फिकट राखाडी छापणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

नोट दाखवा, आकडा ऐका: रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अ‍ॅप १ जानेवारी २०२०ला आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ती कितीची, हे बोलून सांगतं. इंटरनेटही लागत नाही.

डोळे मिचकवा, नाहीतर...? अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी ऑनलाइन केवायसीसाठी पापण्या कशा मिटायच्या? ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, २० निर्देश दिले आणि पापण्या मिटण्याला पर्याय द्यायला सांगितलं.

आणि तुमचं ‘शुभ सकाळ’! गुलाबाच्या चित्रावर छापलेला सुविचार अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला बरेचदा वाचता येत नाही; तो नुसतं ‘फोटो’ म्हणून मोकळा होतो. उद्यापासून खाली दोन शब्द टाइप करा. गुलाब हवा तर असू द्या!