नवी मांडणी व जुनी संवय

मिठाची बरणी कोठें असते, असें एखाद्या गृहिणीला एकाएकीं विचारलें तर ती क्षणभर थबकते. जागा तिला ठाऊक नसते असें नव्हे. परंतु ती हाताला ठाऊक असते, जिभेला नसते. फोडणी तडतडत असतां डोळे कढईवर ठेवूनच तिचा हात मांडणीकडे जातो व नेमकी तीच बरणी खालीं येते. आतां अशी कल्पना करा कीं, रात्रीं कोणी अपरिचित गृहस्थ घरांत शिरून सारे डबे नव्या क्रमानें लावून गेला आहे. मांडणीला नवा रंग दिला आहे, डबेहि पूर्वींपेक्षां देखणे आहेत, आणि जवळच चिठ्ठी आहे कीं, ‘आपल्या सोयीसाठीं आम्हीं ही सुधारणा केली आहे.’ ज्यांचा पत्रव्यवहार, पैशाअडक्याचे व्यवहार व प्रवासाचीं तिकिटें हीं सर्व आज संगणकावर किंवा मोबाईलवर अवलंबून आहेत, त्यांना हा अनुभव वर्षा-दोन वर्षांनीं येतोच येतो. चालत्या सॉफ्टवेअरची किंवा वेबसाईटची मांडणी बदलली म्हणजे लोक इतके कां चिडतात, आणि त्या चिडण्यांत कितपत तथ्य आहे, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

या तक्रारीला एक ठराविक उत्तर मिळतें. म्हातारीं माणसें नव्याला भितात, चार दिवस कुरकुर करतात व पुढें गप्प बसतात, असें तें उत्तर. तें सोपें आहे, पण घडलेल्या गोष्टींशीं जुळत नाहीं. २०१८ सालीं स्नॅपचॅट नांवाच्या ॲपनें आपली मांडणी बदलली. हें ॲप म्हणजे मुख्यतः शाळा-कॉलेजांतील मुलांचें राज्य. तेथें म्हातारा औषधालाहि सांपडावयाचा नाहीं. तरीहि ‘जुनी मांडणी परत द्या’ अशा विनंतिपत्रकावर बारा लाखांहून अधिक सह्या पडल्या. सोळा वर्षांच्या मुलाला जें दुःख झालें तें वार्धक्याचें खचित नव्हे.

मग तें कशाचें? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत संवयीवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा एक भाग थोडक्यांत असा कीं, कोणतीहि क्रिया अंगवळणीं पडली म्हणजे तिच्याकडे लक्ष देण्याची गरज कमी होते, आणि वांचलेलें लक्ष वरच्या कामांत घालतां येतें. मीं जन्मभर शाळेंत हेंच पाहिलें. पहिलींतील मूल पाटीवर ‘क’ काढतें तेव्हां त्याचा सारा जीव त्या अक्षराच्या पोटांत गुंतलेला असतो. जीभ बाहेर येते, पेन्सिल मोडते. तेंच मूल सातवींत निबंध लिहितें तेव्हां ‘क’ कसा काढावा हा प्रश्न त्याच्या मनांत उद्भवतच नाहीं. तें वाक्याचा विचार करतें. अक्षर हातांत उतरलें म्हणून मन मोकळें झालें. संगणकावर काम करणाऱ्याचेंहि असेंच आहे. कोणतें बटण कोठें आहे हें त्याच्या हातांत उतरलेलें असतें, म्हणूनच त्याला पत्राच्या मजकुराचा किंवा हिशेबाचा विचार करतां येतो. बटण हललें कीं तो सातवींतून एकदम पहिलींत येऊन बसतो. त्याचा संताप असतो तो या पदावनतीचा.

हातांतील हें ज्ञान म्हणजे वापरणाऱ्याची सांठविलेली मिळकतच होय. ती त्यानें स्वतःचा वेळ खर्चून कमावलेली असते. परंतु सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपनीच्या कोणत्याहि खातेवहींत ती जमेस धरलेली नसते, आणि म्हणून ती बुडाली तरी तेथें तोटा दिसत नाहीं. या मिळकतीचा जोर किती असतो हें पाहावयाचें असेल तर टंकलेखनाच्या यंत्राकडे पाहावें. इंग्रजी कळांची आजची मांडणी १८७० नंतरच्या दहा वर्षांत रूढ झाली. १९३६ सालीं ऑगस्ट ड्वोरॅक यांनीं अधिक सोयीची म्हणून दुसऱ्या एका मांडणीचें पेटंट घेतलें. ती खरोखर किती सरस होती याविषयीं पंडितांत वाद आहे. पण तिच्या पूर्वींच लाखों बोटें जुनी मांडणी शिकून बसलीं होतीं. आपल्या मोबाईलच्या कांचेवर आज उमटणारीं अक्षरें त्याच जुन्या क्रमानें बसविलेलीं आहेत.

विंडोज आठची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों. १९९५ च्या ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज पंचाण्णव बाजारांत आणलें. त्यांत पडद्याच्या डाव्या बाजूस खालच्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ नांवाचें एक बटण होतें. तें दाबलें कीं एक यादी उघडे. नवें काम सुरू करावयाचें असो कीं यंत्र बंद करावयाचें असो, वाट त्याच बटणांतून जाई. पुढें सतरा वर्षें जगांतील कचेऱ्यांनीं, शाळांनीं व घरांनीं हा कोपरा पाठ केला. तितक्यांत, २०१० सालीं ॲपल कंपनीचा आयपॅड निघाला. बोटाच्या स्पर्शानें चालणाऱ्या या पाटीसारख्या यंत्रांपुढें आपण मागें पडूं, अशी भीति मायक्रोसॉफ्टला वाटली, व ती निराधार नव्हती. २०१२ च्या ऑक्टोबरमध्यें आलेल्या विंडोज आठनें हातांतील पाटी व टेबलावरील संगणक या दोहोंना एकच रूप देण्याचें ठरविलें. स्टार्टचें बटण गेलें. त्या यादीच्या ठिकाणीं सारा पडदा व्यापणाऱ्या रंगीत चौकटी आल्या. साधें यंत्र बंद करावयाचें, तर माउसचा बाण उजवीकडील कोपऱ्यांत न्यावा, तेथें दडलेली पट्टी बाहेर येण्याची वाट पाहावी, तींत ‘सेटिंग्ज’ गांठावें, त्यांत ‘पॉवर’ शोधावें, आणि मग काय तें करावें. त्या कोपऱ्यांत कसलीहि खूण नव्हती. ठाऊक असेल त्यालाच दार दिसावें, अशी ही गडावरची चोरवाटच म्हणावयाची. कांचेवर कडेपासून बोट सरकविणाराला ही योजना सोयीची होती. माउस धरून बसलेल्या कारकुनाला नव्हती.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. इतर लहान कंपन्यांनीं जुनें बटण जाग्यावर आणून देणारीं सॉफ्टवेअरें काढलीं, आणि जें काल संगणकाबरोबरच मिळत होतें तें कित्येकांनीं पैसे मोजून विकत घेतलें. वर्षभरानें, २०१३ च्या ऑक्टोबरमध्यें, कंपनीनें ८.१ या आवृत्तींत बटण परत दिलें. पण तें दाबलें तर पुन्हां त्याच चौकटी! यादी परत आली ती २०१५ च्या जुलैमध्यें, विंडोज दहाबरोबर. (नवाचा आंकडा कंपनीनें ओलांडूनच टाकला.) तेव्हां जुनी यादी व नव्या चौकटी एकमेकींच्या शेजारीं बसविलेल्या होत्या. ही तडजोड सुचण्यास तीन वर्षें लागावींत याचें मला आश्चर्य वाटतें.

बदल करणारे केवळ लहरीनें बदल करतात असें मात्र मी म्हणणार नाहीं. याच कंपनीच्या वर्ड नांवाच्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्यें आरंभीं शंभराच्या आसपास आज्ञा होत्या. २००३ पर्यंत त्या दीड हजारांवर गेल्या. यादीच्या पोटांत यादी, तिच्या पोटांत आणखी एक. ग्राहक कंपनीकडे ज्या नव्या सोयी मागत, त्यांतील पुष्कळ आंत आधींच होत्या. त्या कोणाला सांपडत नव्हत्या एवढेंच. म्हणून २००७ सालीं याद्या काढून वरच्या बाजूस चित्रांची रुंद पट्टी घालण्यांत आली. ओरड तेव्हांहि झाली. परंतु त्या वेळीं एक शहाणपण दाखविलें गेलें: पडद्याकडे न पाहतां नुसत्या कळा दाबून जे जुन्या याद्या चालवीत, त्यांचे ते जुने कळांचे क्रम नव्या आवृत्तींतहि बहुतांशीं चालूं ठेवले. यादी दिसेनाशी झाली, पण बोटांची वाट मोडली नाहीं. ती पट्टी आज सर्वांच्या अंगवळणीं पडली आहे, आणि उद्यां कोणीं ती काढली तर तिच्यासाठींहि लोक हळहळतील.

पण सगळ्या बदलांचीं कारणें इतकीं सरळ नसतात. जुना ग्राहक हातचा आहे, नवा मिळवावयाचा आहे, म्हणून दुकानाची दर्शनी बाजू नव्याच्या आवडीप्रमाणें सजवावी, हा एक हिशेब. मांडणी करण्यासाठीं ज्यांना पगार मिळतो त्यांनीं ‘मांडणी ठीक आहे’ असें वर्षानुवर्षें म्हणत राहणें कठीण, ही दुसरी अडचण. लोकांनीं किती वेळां काय दाबलें हें मोजून सुधारणेचें यश ठरवितात. पण वाट चुकलेला माणूस दहा दारें ठोठावतो, आणि मोजणाराला वाटतें कीं गांवांत वर्दळ वाढली!

यांत पूर्वीं नव्हती अशी एक गोष्ट आहे. पुस्तकाची नवी आवृत्ति निघाली तरी कपाटांतील जुनी प्रत कोणी उचलून नेत नाहीं. विंडोज आठ ज्याला नको होतें तो विंडोज सातवर बसून राहूं शकला. वेबसाईटचें तसें नाहीं. ती आपल्या घरीं नसतेच. ती चालविणाऱ्याच्या यंत्रावर असते व आपण रोज तिच्या दाराशीं जातों. त्यानें आज दार हलविलें तर कालचें दार जगांत कोठेंच उरत नाहीं. २०२१ च्या जूनमध्यें प्राप्तिकराचीं विवरणपत्रें भरण्याची आपल्याकडील सरकारी वेबसाईट बदलली. १ ते ६ जून जुनी बंद ठेवली व ७ तारखेस नवी उघडली. नवी अडखळूं लागली तेव्हां परत जावयास जुनी नव्हती. ऑगस्टमध्यें अर्थमंत्र्यांनीं ती बनविणाऱ्या इन्फोसिस कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांस बोलावून जाब विचारला, आणि कोरोनामुळें आधींच ३० सप्टेंबरपर्यंत लांबविलेली मुदत, करदात्यांच्या अडचणी पाहून, ३१ डिसेंबरवर न्यावी लागली. सरकार मुदत वाढवूं शकतें. सामान्य माणसाच्या वीजबिलाची मुदत कोण वाढविणार?

माझ्या शेजारीं एक काकू राहतात. वय सत्त्याहत्तर, यजमान वारले, मुलगी परदेशांत असते. बँकेचें ॲप वापरावयास त्या तीन महिन्यांत शिकल्या, व त्यासाठीं त्यांनीं एक वही केली. ‘हिरवी खूण दाबणें. चार आंकडे घालणें. डाव्या कोपऱ्यांतील तीन रेघा. वरून चौथी ओळ.’ अशी पानेंच्या पानें, सुवाच्य अक्षरांत. दोन वर्षें त्यांनीं कोणाला हांक मारली नाहीं. गेल्या पावसाळ्यांत ॲपची मांडणी बदलली. तीन रेघा गेल्या, हिरवी खूण निळी झाली, आणि वही रद्दी झाली. ‘मास्तर, मी पुन्हां अडाणी झालें हो,’ असें त्या मला म्हणाल्या, पण तें चार दिवसांनीं. तोंवर बिलाची तारीख जवळ आली म्हणून त्यांनीं कोपऱ्यावरील मोबाईलच्या दुकानांतील मुलाच्या हातीं फोन देऊन आपला गुप्त आंकडाहि सांगितला होता. मुलगा प्रामाणिक निघाला. गुप्त आंकडा कोणासहि सांगूं नका, असा संदेश बँक त्यांना आठवड्याला पाठवितेच. पण तो सांगण्याची पाळी त्यांच्यावर कोणीं आणली? तो आंकडा बदलण्याची जागा नव्या मांडणींत आम्हां दोघांना तासाभरानें सांपडली.

मोठा बदल लोकांना न दुखवितां करतां येतो याचें उदाहरण परदेशांतून आणण्याची गरज नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्या देशांत रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. मी तेव्हां जन्मलोंहि नव्हतों, पण वडिलधाऱ्यांकडून त्या दिवसांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. जुनीं नाणीं एका रात्रींत बाद झालीं नाहींत. नव्यांच्या बरोबरीनें तीं चालत राहिलीं. चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस पैसे व आठ आणे म्हणजे पन्नास, असा मेळ बसत होता. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होत, म्हणून कोष्टकें छापलेलीं असत. शिवाय नव्या नाण्याचें नांवच ‘नवा पैसा’ ठेवलें, म्हणजे घेणाराहि सावध आणि देणाराहि सावध. हा ‘नवा’ शब्द १९६४ च्या जूनमध्यें, सात वर्षांनीं, गळला. पंचवीस पैशांचें नाणें २०११ सालीं चलनांतून गेलें. तोंपर्यंत लोक त्याला चार आणेच म्हणत होते, आणि त्यानें सरकारचें कांहीं बिघडलें नाहीं.

आजहि असें वागणारे कोणी नाहींत असें नाहीं. इंग्रजी विकिपीडियानें २०२३ च्या जानेवारींत आपली मांडणी बदलली. त्यावरहि पुष्कळ वाद झाला. परंतु तेथें ज्याचें खातें आहे अशा वाचकाला जुनी मांडणी निवडून ठेवण्याची मुभा आहे. बँकांकडून व सरकारी खात्यांकडून निदान इतकी अपेक्षा करण्यास हरकत नसावी: बदलाची तारीख महिनाभर आधीं कळवावी, जुनी वाट कांहीं महिने उघडी ठेवावी, आणि पैसे भरण्यासारख्या रोजच्या कामांचीं बटणें शक्य तों हलवूं नयेत.

आपणांपैकीं ज्यांच्यापुढें अशी नवी मांडणी येऊन पडेल त्यांनीं प्रथम सेटिंग्जमध्यें जुन्या रूपाकडे परत जाण्याची सोय ठेवली आहे काय तें पाहावें; कित्येक ठिकाणीं ती थोडे दिवस असते. परत जातांना बहुधा कारण विचारतात. तेथें नुसता राग लिहूं नये, तो वाचणाराच्या उपयोगी पडत नाहीं. ‘पासबुक पाहण्यास पूर्वीं दोनदां दाबावें लागे, आतां पांचदां लागतें, व परत येण्याची खूण कोठें आहे तें दिसत नाहीं’ असें नेमकें लिहावें, आणि खालीं आपलें वयहि घालावें.