मेलं नाही, मंदावलंय

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात लसीकरणाच्या दिवशी सहा आठवड्यांच्या बाळाला मांडीत पेंटाव्हॅलंट लस टोचतात. तिच्यातला एक भाग कावीळ ‘ब’विरुद्धचा. हा भाग म्हणजे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन, पण ते त्याचं जनुक यीस्टमध्ये घालून यीस्टकडून बनवून घेतलेलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची जीनव्हॅक-बी ही लसही हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाच्या यीस्टमधूनच येते.

‘म्हणजे बाळाला जिवंत यीस्ट टोचतात?’ नाही. पेशी फोडून तेवढं प्रथिन वेगळं काढतात आणि शुद्ध करतात.

‘परकं प्रथिन म्हणजे यीस्टला विषच, ते मरणार’ हा समज जास्त चिवट आहे. काही प्रथिनांची घडी पेशीत नीट बसत नाही, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पेशी खरंच संकटात येते. पण अगदी निरुपद्रवी, नुसतं लाल चमकणारं प्रथिन भरपूर बनवायला लावलं तरी विभाजन मंदावतं. चांगल्या खाद्यावर पावाच्या यीस्टला साधारण दीड तासात कळी फुटून नवी पेशी सुटते. परक्या प्रथिनाच्या ओझ्याखाली हाच वेळ लांबतो. बशीवर पाहिलं तर वसाहती उगवलेल्या दिसतात, फक्त बारीक, खसखशीएवढ्या. मेलेल्या पेशीची वसाहतच उगवत नाही. हा फरक न पाहता नुसता द्रावणाचा गढूळपणा मोजला, तर मंद पेशीही मेलेल्यांत धरल्या जातात.

मग मंदावतं का? सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत गावातले मजूर दुसऱ्याच्या वावरात गेले की आपलं काम पडून राहतं, तसंच पेशीतही होत असणार, असं मीही बरेच दिवस धरून होतो. इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या संशोधकांचं 2016 मधलं काम मात्र वेगळं सांगतं. ओझं लादलेल्या पेशी आकाराने मोठ्या झाल्या आणि त्यांची स्वतःची प्रथिनंही वाढली. म्हणजे पेशी थोडे मजूर राखून असते. शिवाय खर्च कुठे बसतो हे खाद्यावर ठरतं. फॉस्फेट कमी असेल तर जनुकाची नक्कल काढणं महाग पडतं, नायट्रोजन कमी असेल तर त्या नकलेवरून प्रथिन रचणं.

‘जनुकाच्या प्रती वाढवा, उत्पादन वाढेल’ हेही अर्धंच खरं. प्रती वाढल्या की ओझंही वाढतं. परकं जनुक सुट्या वर्तुळाकार डीएनएवर असेल आणि एखाद्या पेशीतून ते गळून पडलं, तर ती पेशी हलकी होते. ती भराभर वाढते आणि थोड्याच पिढ्यांत फर्मेंटर कामचुकारांनी भरतो. हॅन्सेन्युलात म्हणूनच जनुक गुणसूत्रात गुंफतात आणि त्याला मिथेनॉल पचवणाऱ्या जनुकाचं बटण जोडतात. भरपूर ग्लुकोज असेपर्यंत हे बटण बंद असतं, त्यामुळे पेशी आधी मनसोक्त वाढून घेतात. ग्लुकोज संपून मिथेनॉल मिळालं की परकं प्रथिन बनू लागतं, आणि तेव्हा विभाजन मंदावलं तरी कुणाची तक्रार नसते.