संगणकांतील पडद्याआडचा सेवक

पेढीचे हिशेब किंवा रेल्वेचें आरक्षण ज्या सर्व्हरवर चालतें, तेथें रात्रीं-बेरात्रीं समोर कोणीच बसलेलें नसतें. मागणी येईल तेव्हां ती पुरी करण्यासाठीं तेथील प्रोग्रॅम अहोरात्र जागा असावा लागतो. अशा पडद्याआडच्या प्रोग्रॅमला ‘डीमन’ म्हणतात. नांव ऐकून श्रोत्यांनीं दचकूं नये. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅकमधील मंडळींनीं १९६३ सालीं तें मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून घेतलें. न थकतां रेणूंची निवड करीत बसणारा चिमुकला द्वारपाल त्यानें कल्पिला होता.

युनिक्स व तिच्या वळणाची लिनक्स या प्रणालींत, टर्मिनलवरून सुरू केलेला प्रोग्रॅम त्या टर्मिनलशीं बांधलेला असतो. माणूस उठून गेला कीं बहुधा प्रोग्रॅमचीहि अखेर होते. म्हणून जुन्या रीतीचा डीमन प्रथम आपलें एक अपत्य निर्माण करून स्वतः निवृत्त होतो. तें अपत्य टर्मिनलशीं नातें तोडतें, आणि या अनाथास ‘इनिट’ ही क्रमांक १ ची प्रक्रिया दत्तक घेते. यंत्र सुरू होतांना त्यास कसें उठवावें, हें मात्र स्क्रिप्ट नांवाच्या लहानशा आज्ञापत्रकांत लिहून ठेवावें लागतें.

या स्क्रिप्टला स्टार्ट व स्टॉप हे शब्द समजले पाहिजेत. स्टार्ट लिहिणें सोपें. तरीहि हातानें चालविल्यास उत्तम चालणारी स्क्रिप्ट यंत्र उठतांना मुकी राहते, याचें नेहमींचें कारण असें कीं, लॉगिन केलेल्या माणसास मिळणारी ‘पाथ’ वगैरे ठरीव माहिती त्या वेळीं तिला मिळत नाहीं. यास्तव प्रत्येक फाइलीचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहावा. डीमनहि रूट या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें चालवूं नये. पहारेकऱ्याजवळ तिजोरीची किल्ली कोणी देत नाहीं.

खरी परीक्षा स्टॉपची. डीमनचा प्रक्रिया-क्रमांक एका फाइलींत टिपून ठेवावयाचा व थांबवितांना त्या क्रमांकास संदेश धाडावयाचा, ही जुनी रीत. पण डीमन अचानक मेला तर टिपण तसेंच राहतें, आणि कांहीं काळानें प्रणाली तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेस देऊं शकते. गतवर्षींच्या हजेरीपटावरून १७ नंबरच्या मुलास उभें करावें आणि यंदाचा १७ नंबर भलताच निघावा, तसें हें आहे. फरक इतकाच कीं येथें निरपराध्याचा प्राणच जातो. म्हणून तो क्रमांक अद्याप त्याच प्रोग्रॅमचा आहे ना, हें स्क्रिप्टनें आधीं पाहावें. मग क्रमांक १५ चा ‘टर्म’ हा संदेश पाठवावा. तो मिळाल्यावर नीट लिहिलेला डीमन हातांतील नोंद पुरी करून जातो. कांहीं सेकंद थांबूनहि तो न हलल्यास ९ क्रमांकाचा ‘किल’. उतावळे लोक आरंभींच ९ वापरतात आणि अर्धवट राहिलेल्या नोंदींबद्दल यंत्रास दोष देतात.

२०१० मध्यें सिस्टिमडी ही नवी व्यवस्था आली. डेबियननें ती २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून रूढ केली. तिच्यांत अपत्याचा खटाटोप लागत नाहीं. क्रमांकाची फाइलहि बहुधा नको, कारण कोणती प्रक्रिया कोणत्या सेवेची, हें कर्नेलच्या कंट्रोल ग्रुपमुळें तिला ठाऊक असतें. दहा-बारा ओळींची सर्व्हिस फाइल पुरते. तींत ‘रीस्टार्ट’ पुढें ‘ऑन-फेल्युअर’ लिहिलें कीं कोसळलेला डीमन आपोआप पुन्हां उठतो. मात्र १० सेकंदांत ५ वेळां उठवूनहि तो पडतच राहिला, तर मूळच्या मर्यादेप्रमाणें सिस्टिमडी नाद सोडते, आणि पुढचें कारण जर्नलमधील नोंदींत माणसानेंच शोधावें लागतें.