लोखंडाचं गाव

खाण बंद पडली की तिथली यंत्रं कुठे जातात? बहुतेक भंगारात. पण जर्मनीत एका ठिकाणी ती तशीच उभी ठेवली आहेत, उघड्यावर, पावसात. त्या जागेचं नाव फेरोपोलिस, म्हणजे लोखंडाचं गाव. ग्रेफेनहायनिखेन नावाच्या लहानशा शहराजवळ ते आहे.

हा भाग पूर्वी पूर्व जर्मनीत होता. तिथे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा निघायचा. हा कोळसा ओलसर आणि कमी उष्णतेचा. दूर नेणं परवडत नाही, म्हणून वीजकेंद्रं खाणीच्या जवळच बांधत. कोळशावरची माती काढायला लागायची ती ही अजस्र यंत्रं. एकाला साखळीवर बादल्या आहेत, अगदी आपल्या विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारख्या. बादल्या खाली जातात, माती ओरबाडून वर येतात. दुसऱ्याला जत्रेतल्या पाळण्याएवढं चाक, त्याच्या कडेला दातेरी बादल्या. आणखी एक प्रकार असतो तो खोदतच नाही. दुसऱ्यांनी काढलेली माती लांब हातातून नेऊन कोळसा संपलेल्या बाजूला टाकतो. माती आणि कोळसा वाहायला खाणीत रेल्वेचे रूळ टाकलेले असायचे.

फेरोपोलिसमध्ये अशी पाच यंत्रं आहेत. सगळ्यांत लांब आहे ते सुमारे 120 मीटर, आणि उंची 30 मीटरपर्यंत, म्हणजे दहा मजली इमारत. त्यांना नावं ठेवलीत, एकीचं तर चक्क ‘मॉस्किटो’, म्हणजे डास! शेकडो टन वजनाचा डास. नाव ठेवणाऱ्याला गंमत सुचली असावी.

आता मुद्द्याचं. 1989 मध्ये पूर्व जर्मनीच्या लिग्नाइट उद्योगात सव्वा लाखाहून जास्त माणसं कामाला होती. त्यात बायकाही होत्या, आणि त्या यंत्रांवरसुद्धा काम करायच्या. (आपल्याकडे जमिनीखालच्या खाणीत बायकांना काम करायला कायद्याने मनाई होती, 2019 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली.) 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत यातल्या बहुतेक नोकऱ्या गेल्या. बेकारीचा चटका बायकांना जास्त बसला. गोल्पा-नॉर्ड नावाची ही खाणही 1991 मध्ये बंद झाली.

यंत्रं कापून विकली असती तर चार पैसे आले असते. पण जवळच्या डेसाऊ शहरातल्या बाउहाउस संस्थेतल्या लोकांनी आणि स्थानिकांनी ती ठेवायची कल्पना मांडली. 1995 मध्ये फेरोपोलिस सुरू झालं. खाणीच्या वीजघरात संग्रहालय झालं. यंत्रांच्या मधल्या मैदानात आता संगीताचे मोठे कार्यक्रम होतात, हजारो तरुण येतात. पण मैत्रिणींनो, तिकीट विकणारे आणि मंडप घालणारे किती लागणार? हजारोंचा पगार एका संग्रहालयातून निघत नाही, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

खाणीचा खड्डाही राहिला नाही. 2000 पासून त्यात मुल्डे नदीचं पाणी सोडलं आणि तिथे तळं झालं. त्याचं नाव ग्रेमिनर झे, म्हणजे ग्रेमिनचं तळं. ग्रेमिन हे गाव होतं. कोळशासाठी ते उठवलं, पाडलं. आता गाव नाही, नाव तेवढं पाण्याला राहिलं.

आपल्या विदर्भात चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. नागपूरजवळ सावनेरला वेकोलिने 2016 मध्ये पर्यटकांना खाण दाखवायला सुरुवात केली आहे. तुमच्या भागातली खाण बंद व्हायची असेल तर तिथल्या जमिनीचं, पाण्याचं, यंत्रांचं पुढे काय होणार, हे ग्रामसभेत आत्ताच विचारा. खाण बंद करण्याचा आराखडा कंपनीला करावा लागतो. त्यात काय लिहिलंय ते गटातल्या शिकलेल्या मुलींकडून मोठ्याने वाचून घ्या.