पाण्याची उथळ कड : गोदाकाठच्या पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन

अंबड तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. नदीच्या वरच्या अंगास, पैठण येथे, १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जेथे पाणी तेथे पक्षी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो अर्धाच खरा होय. नाथसागर बशीसारखा पसरट आहे. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले म्हणजे काठाचा ओला चिखल उघडा पडतो व त्यातील किडे, शंखशिंपले आणि कंद यांवर तुतवार, शेकाट्या, चक्रवाक उपजीविका करतात. तुतवाराची चोच बोटभर लांब. पुरुषभर पाण्याखालचा गाळ कितीही सकस असला तरी त्यास तो काय कामाचा?

याच नदीवरील नांदूरमधमेश्वरचे उदाहरण बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या तेथील बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. अभियंत्याच्या हिशेबी ती निव्वळ हानी. परंतु त्याच गाळातून बेटे व दलदल निर्माण झाली, २६५ जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले.

अंबडसारख्या अवर्षणप्रवण भागात मात्र तलावांतील गाळ काढणे अपरिहार्य आहे; त्यास पक्ष्यांच्या नावे विरोध करणे हे भरल्या पोटीचे तत्त्वज्ञान ठरेल. प्रश्न आहे तो रीतीचा. यंत्राने चहूबाजूंचे काठ उभे तासले की उथळ कड नष्ट होते. त्याऐवजी मधला भाग खोल करून, ओढा येऊन मिळतो त्या बाजूस सौम्य उतार राखल्यास साठाही वाढतो व चिखलही शिल्लक राहतो. गाळपेरीचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण पक्ष्यांना हवी असलेली पट्टी शेतकऱ्यासही हवी असते. निदान पाण्यालगतची अरुंद पट्टी, स्थलांतरित पक्षी परत जाईपर्यंत, नांगर व कीटकनाशके यांपासून मुक्त ठेवता येईल.

शहागडनजीकच्या नदीपात्राची गोष्ट वेगळी आहे. नदी सुरय उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालते. पाणमांजर काठाच्या दरडीत बीळ करते. वाळूचा उपसा झाला म्हणजे दोघांचाही आसरा जातो. तलावाची कड काही वर्षांत पुन्हा घडविता येते. परंतु वरून येणारी वाळू धरणात अडत असल्याने येथील बेट पूर्ववत होण्याची शाश्वती नाही. म्हणून तेथे पुनरुज्जीवनाचे पहिले काम म्हणजे उरलेल्या बेटांवरील उपसा थांबविणे हेच होय.